हार्टलँडच्या कड्यावर हक्कसोड

गाडीत निवृत्ती पुढं बसला आणि पुढं बसलेल्या पुरुषाचं जे होतं तेच त्याचं झालं. गाडी बहीण चालवत होती, ब्रेक हा दाबत होता. इंग्लंडातलं एक्सेटर सुटल्यापासून त्याचा पाय समोरच्या चटईत रुतत होता.

“भाऊ, तिकडं ब्रेक नसतो,” तेजस्विनी म्हणाली.

“माहितीये मला.”

“मग चटईला भोक पाडू नको.”

मागच्या सीटवर ललितानं ओढणी तोंडाला लावून नवऱ्यावरचं हसू दाबलं. शेजारी बसलेल्या सासूनं, लंकाबाईनं, दाबलं नाही, ती मोकळी हसली. पोरगा पन्नाशीला टेकला, त्याची द्राक्षबाग बघायला तालुक्यातून माणसं येतात, ट्रॅक्टर तो झोपेतसुद्धा चालवील. पण धाकट्या बहिणीच्या हातात स्टिअरिंग दिसलं की पाय काय गप्प बसेना.

रस्ता म्हणजे बोळ होता. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच मातीचे बांध, त्यावर माजलेली झुडपं. समोरून कुणी आलं की एकानं मागं जायचं. तेजस्विनी सराईतपणे गाडी मागं घ्यायची, समोरचा हात वर करायचा, ही पण करायची. लंकाबाईला नवल वाटलं. दिंडोरीच्या रस्त्यावर मागं कुणी जायचं यावरून माणसं खाली उतरून एकमेकांची आई-बहीण काढतात.

सगळ्या भावकीला सांगितलं होतं की आईला लेकीचं घर दाखवायला चाललोय. ते खोटं नव्हतं. पण नाना, म्हणजे लंकाबाईचा नवरा पुंजा, गेल्यावर बागेच्या सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती. लंकाबाईचं, निवृत्तीचं आणि तेजस्विनीचं. एका वाइन कंपनीला ती बाग लांब मुदतीच्या करारानं हवी होती आणि कंपनीनं वारसांचं काम स्वच्छ करून मागितलं होतं. स्वच्छ म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बहिणीनं हक्कसोड करायची. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावावर सोडायचा आणि बदल्यात जन्मभर माहेरची साडीचोळी घ्यायची. तेजस्विनी दिंडोरीत असती तर एका दुपारचं काम होतं. इंग्लंडात होती म्हणून घट बसल्यावर लंडनला भारताच्या कचेरीत जाऊन सही करावी लागणार होती.

हे गाडीतल्या चौघांनाही ठाऊक होतं, आणि आल्यापासून त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. निवृत्तीनं विषय काढायला आजचा दिवस धरलाय हे लंकाबाईला सकाळी त्याच्या दाढीवरून कळलं. इतकी गुळगुळीत दाढी तो व्यापारी बागेत यायचे असले तरच करतो.

बांध संपले आणि रस्ता एकदम उताराला लागला. वळण, लगेच उलटं वळण. निवृत्तीनं खिडकीवरचं हँडल धरलं. त्याच्या कपाळाला घाम सुटला.

“भाऊ, खाली बघू नको. देवीकडं बघ.”

हे नानांचं वाक्य. गाडीत क्षणभर नानाच बोलल्यासारखं झालं.

“इथं कुठली देवी आणू?” निवृत्ती कसाबसा म्हणाला.

“लांब बघ म्हणजे झालं.”

“तुला जीप आठवते का गं तेजू?”

“कुठली? जिचं दार सुतळीनं बांधलेलं होतं ती?”

“तीच. चैत्रात देवीच्या गडावर निघायचो. वणी गेली, नांदुरी गेली, घाट लागला की तू पहिल्याच वळणाला...”

“पहिल्या नाही. तिसऱ्या.”

“अन् मी तुझ्या तोंडापुढं माझी टोपी धरायचो.”

“ती नानांची टोपी होती.”

“माझी होती.”

“नानांची रे. म्हणून तर नाना गडावर बोडक्यानं दर्शन घ्यायचे. आई, कुणाची होती सांग.”

“नानाची,” लंकाबाई म्हणाली. “अन् धुवायला मला द्यायचे.”

चौघं हसली. निवृत्ती तर इतका हसला की हँडल सुटलं. लंकाबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. खोटं हसू तिला लांबून ओळखता येई, भावकीत उभा जन्म गेला होता. हे खोटं नव्हतं. आणि वाईट तर तेच होतं. आठवण खरी असली की तिच्या पाठीवर काहीही लादता येतं, ती बिचारी चालत राहते.

“ओझरखेडच्या पाण्याला थांबायचो,” निवृत्ती पुढं म्हणाला. “नाना आधी तुला दशमी खाऊ घालायचे. मग मला.”

“तू माझ्यातली पण खायचास.”

“तू द्यायचीस. कधी नाय म्हणाली नाही तू.”

लंकाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. आलं, ती मनात म्हणाली. गाडी मुक्कामाच्या दिशेला लागली.

समुद्र त्यांनी मुंबईला पाहिला होता, पण तो पायाशी येणारा. हा खाली होता, पार खाली, आणि वरून त्याचा आवाज नुसता थडाथड येत होता. हार्टलँडच्या त्या किनाऱ्यावर झाड म्हणून नव्हतं. वाऱ्यानं एका बाजूला पडलेलं गवत, आणि खाली काळे खडक. सह्याद्रीत खडक थरावर थर देऊन निजलेला असतो. इथं कुणीतरी त्याला उठवून उभा केला होता. कुठं मधेच मुडपला होता, कुठं टोक वर करून थेट समुद्रात घुसवला होता.

“इथं लय जहाजं फुटली,” तेजस्विनी म्हणाली. “जुन्या काळी. वादळात किनारा जवळ दिसायचा, पण टेकायला जागा नाही.”

“मग लोक राह्यले कशाला अशा जागी?” ललितानं विचारलं.

“त्यांचं माहेर असेल,” लंकाबाई म्हणाली. तिला विनोद करायचा नव्हता, पण सूनबाई हसली.

आडोशाला सतरंजी टाकली. ललितानं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, गुळाच्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी. निवृत्तीनं पहिली दशमी हातात घेतली, घडी घातली, तोंडाकडं नेली, आणि मागून कोंबड्याएवढा एक पांढरा पक्षी आला. हातातून दशमी ओढून तो समुद्रावर निघूनही गेला. निवृत्तीच्या बोटाला नुसता गुळाचा चिकटा राहिला.

तेजस्विनी हसायला लागली. “सीगल आहेत रे, फार चोर. सांगायला विसरले.”

पण ललितानं हात जोडले होते. “पितृपंधरवडा चालूय ताई. हसू नका. नाना आले होते.”

निवृत्तीचे डोळे भरले. तो पक्षी गेला तिकडं बघत म्हणाला, “परवा तिथीला तेजूच्या अंगणात घास ठेवला तर कुंपणावर कावळा फिरकला नाही. आज इथं येऊन जेवले. दशमी त्यांना लय आवडायची.”

लंकाबाईला ते पटलं नाही. पुंजा उभ्या जन्मात कुणाच्या हातातून ओढून खाणारा माणूस नव्हता. दुसरी भाकर घेण्याआधी ‘मागं उरलीय का’ म्हणून विचारायचा. पण मेलेल्या माणसाचं असं असतं, त्याच्या तोंडी ज्याला जे पाहिजे ते घालता येतं.

“जाताना माझा हात धरला होता त्यांनी,” निवृत्ती म्हणाला. “म्हणाले, बागेचे तुकडे होऊ देऊ नको. आई होती तिथं. हो ना आई?”

“होते.”

“म्हणाले ना?”

“म्हणाले.”

म्हणालाच होता पुंजा. लंकाबाईला खोटं बोलता येईना. तेजस्विनी डब्याचं झाकण उगाच लावत होती, काढत होती. आता निवृत्ती तोंड उघडणार, एवढ्यात समुद्र दिसेनासा झाला.

असं धुकं लंकाबाईनं पाहिलं नव्हतं. खालून कड्याला धरून चढत आलं. आधी पाणी गेलं, मग खडक, मग पायापुढचं गवत. सगळ्यांचे केस भिजले. आणि निवृत्ती ताडकन उठला. त्यानं शेजारच्या झुडपाचं पान उलटं केलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. चेहरा पार बदलला. आता तिथं ना भाऊ होता, ना मुलगा, नुसता बागवाला उभा होता. खिशातून फोन काढून त्यानं दिंडोरीला पोराला लावला.

“हर्षल, धुई पडली रे. पानं ओली चिंब झाली. डावणी सुटंल बागेत. पहाटंच फवारा काढ, कुणाची वाट बघू नको.”

फोन स्पीकरवर लागला होता. हर्षलचा आवाज आला, “पप्पा, इथं दिवसभर कडक ऊन होतं. कुठं धुई पडली?”

“कुठं म्हणजे? इथं हातभर दिसंना...”

“तुम्ही कुठंय?”

निवृत्तीनं आजूबाजूला पाहिलं. बघता बघता त्याचे कान लाल झाले. “इंग्लंडात,” तो म्हणाला आणि फोन बंद केला.

ललिता पोट धरून हसली. लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धुकं दिसलं की द्राक्षाच्या पानावर रोग येणार, हे या माणसाच्या रक्तात इतकं मुरलंय की मधला सगळा समुद्र त्याच्या लेखी नव्हताच. तेजस्विनीही हसत होती. हसता हसता ती थांबली, आणि भावाच्या ओल्या हातावर तिनं हात ठेवला.

“भाऊ, मी करते सही.”

निवृत्ती तिच्याकडं वळला.

“तू विचारणार होतास ना आज? मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. पण तू इथं उभा राहून तिथल्या पानाला भितोस. ती बाग तुझीच आहे. मी काय करू तिचं?”

“तेजू...” त्यानं तिचा हात घट्ट धरला.

“एवढंच, की आखाजीला मी कधी आले तर...” तिनं वाक्य अर्धं सोडलं. हॉस्पिटलातला अख्खा वॉर्ड सांभाळणारी बाई, पण आवाज लहान मुलीसारखा झाला. “मला पाहुण्यासारखं नका वागवू.”

“वेडी का तू? माहेर कुठं जातं? साडीचोळी चुकायची नाही. माझा शब्द आहे.”

लंकाबाईच्या अंगावर काटा आला, आणि तो धुक्याचा नव्हता. हेच शब्द. असेच. तिचा थोरला भाऊ सटाण्याच्या कचेरीच्या पायरीवर म्हणाला होता, साडीचोळी चुकायची नाही, लंके.

बागलाणातलं तिचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाला झोका बांधायचे, आणि ती बैलगाडीतून उतरली की सगळी आळी ओरडायची, “बहीन उनी, बहीन उनी!” ती चपला काढायची ती थेट चुलीपाशी. कुणाला न विचारता भांड्यावरचं झाकण उचलून बघायची. कळशीतून स्वतः पाणी घ्यायची. बाप गेल्यावर सही झाली. लाल काठाची साडी मिळाली, पुरणपोळीचं जेवण झालं. पुढच्या आखाजीला ती गेली, चपला काढल्या, आणि भावजय लगबगीनं पाण्याचा पेला ताटलीत घेऊन दारापर्यंत आली. “बसा ना वन्सं,” म्हणाली. गोड म्हणाली. कुणी वाईट वागलं नाही, कधीच नाही. फक्त त्या दिवसापासून झाकण उचलायला तिचा हात गेला नाही. मग भाऊ गेला. भाच्यांच्या लग्नात ती पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसली. साडी यायची, यायची, मग यायची राहिली. आणि तिनं चौकशी केली नाही, कारण साडीसाठी विचारणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं.

“निवृत्ती,” ती म्हणाली, “कंपनीनं नेमकं काय मागितलं रे?”

“सांगितलं ना आई. वारसांचं क्लिअर करून द्या म्हणाले.”

“तसं नाय. त्या माणसानं जे शब्द काढले ते सांग.”

निवृत्ती आठवू लागला. “तो म्हणाला, सगळ्या वारसांच्या सह्या करारावर लागतील. नाहीतर एका नावावर करून आणा.”

“मग सगळ्यांच्या सह्या करारावर का नाय घेतल्या?”

निवृत्तीनं झुडपाचं एक पान तोडून चुरगळलं.

वकिलानं ते ऐकलं होतं, चुलत्यांनी ऐकलं होतं, निवृत्तीनं तर स्वतःच्या कानांनी. प्रत्येकाला ऐकू आलं ते ‘नाहीतर’च्या पुढचं. त्याच्या अलीकडं पण काही आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तेजस्विनीच्याही नाही. इंग्लंडात इतकी वर्षं राहून, रात्रभर जागून नकाराची वाक्यं पाठ करून, हो किंवा नाही एवढंच तिला सुचलं होतं. ज्या वाटेनं आपल्यात कुणी गेलंच नाही ती वाट शिकलेल्यालाही दिसत नाही.

“तशी पद्धत नाय आई,” निवृत्ती शेवटी म्हणाला. “बहिणीला सह्यांना बोलवून बाग करायची? प्रत्येक कागदाला लंडनला पळायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“लोकांना आपल्या बागेतली द्राक्षं घालायची. शेण कशाला?”

“अन् उद्या हिच्या पोरांनी वाटा मागितला तर?”

“मागतील.”

“मग?”

“मग देशील. त्यांच्या आज्याचंच हाय.”

“नाना म्हणाले होते तुकडे नको...”

“तुकडे कोण करतंय? बाग एक, करार एक, नावं तीन. नानानं बागेचे तुकडे करू नको म्हणून सांगितलं. लेकीचं नाव काढ म्हणून नाय सांगितलं. मी होते ना तिथं? तूच म्हणालास.”

निवृत्ती चिडला. “तिला काय कमी आहे आई? घर आहे, गाडी आहे, ज्ञानेशभाऊजींसारखा कमावता नवरा आहे.”

“तुला कमी होतं म्हणून तुझं नाव लागलं का? जन्मला म्हणून लागलं. ती पण जन्मलीच ना, का मी तिला वणीच्या बाजारातून आणली?”

“आत्याबाई,” इतका वेळ गप्प असलेली ललिता बोलली. आवाजात धार होती. “मी माझं माझ्या भावांना सोडून दिलं. तुम्ही सोडलं. आपल्यात कुणाची लेक नाय सोडत? त्यानं कुणी मेलं का?”

“मेलं नाय,” लंकाबाई म्हणाली. “पाहुणी झाले.”

ललितानं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली.

“आई, बास कर,” तेजस्विनी रडवेली झाली. “मला भांडण नको. मी हो म्हणालेय ना.”

“तू खुशाल कर. तुझी सही तुझ्या हातात हाय. मी करणार नाय.”

“तू?” निवृत्तीनं चमकून विचारलं.

आईची सही त्यानं कधी मोजलीच नव्हती. आईची म्हणजे घरचीच, कधीही घ्यावी, जशी माठातलं पाणी घ्यावं.

“तीन नावं हायत म्हणालास ना? तिसरं माझं हाय. तुझ्या बहिणीनं सोडलं तरी माझं राहणार. एका नावावर काय व्हायची नाय ती बाग, मी जिवंत असेपर्यंत. दोघांच्या सह्या घ्यायच्याच हायत, तर तीन घे. एक सही जास्त केल्यानं कंपनीची शाई संपायची नाय.”

“तू माझ्याबरोबर राहतेस आई,” निवृत्ती हळू आवाजात म्हणाला. तो राग नव्हता, दुखणं होतं. “माझ्या घरात.”

“नानाच्या घरात राहते. तू पण तिथंच राहतोस.”

निवृत्ती उठला आणि धुक्यात चालत गेला. कड्याच्या बाजूला त्याची पाठ दिसली, मग तीही दिसेना. तेजस्विनीनं घाबरून हाक मारली, “भाऊ, तिकडं कडा आहे!” लंकाबाईही घाबरली, पण जागची हलली नाही. हलले तर आत्ता बोललेलं सगळं परत घ्यावं लागेल, हे तिला कळत होतं. थोड्या वेळानं तो आपला आपण परत आला, डबा उचलला, सतरंजी झटकली आणि कुणाकडं न बघता गाडीकडं निघाला.

परतीला तो पुन्हा पुढंच बसला, पण पाय गप्प होता. तेजस्विनी चालवत होती. धुकं मागं राहिलं, बांधांचे बोळ परत सुरू झाले. मेंढ्या दिसल्या, दगडी चर्च दिसलं, कुणी कुणाला दाखवलं नाही. लंकाबाईला वाटलं, झालं, मोडलं. गडावरून उतरताना ही दोघं जीपमध्ये एकमेकांच्या अंगावर झोपायची. त्या पोरांमध्ये मी आज पाचर मारली. आपण चुकलो असं मात्र तिला वाटत नव्हतं, आणि त्यामुळं तिला आणखीच जड जात होतं.

शेजारी ललिता बाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं ती सासूच्या कानाशी झुकली. पण बंद गाडीत कान सगळ्यांनाच असतात.

“आत्याबाई, माझी सही होऊन लय वर्षं झाली. आता काय करता येतं का हो?”

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत सून तिला माहेराबद्दल काही बोलली नव्हती. दिवाळीला जायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. बागेत कामं असतात म्हणायची, आणि सगळ्यांनी तेच धरलं होतं.

“नाय गं,” लंकाबाई म्हणाली. “गेलं ते गेलं.”

ललितानं मान हलवली. मग ती सरळ होऊन बसली आणि पुढं बसलेल्या नवऱ्याच्या खांद्याला तिनं बोट लावलं.

“अहो.”

“काय?”

“हर्षलला फोन लावा. म्हणावं, कंपनीच्या माणसाला सांग, सह्या तीन होतील.”

गाडी एक वळण गेली, दुसरं गेलं. तेजस्विनीची नजर रस्त्यावरच होती, पण गाडीचा वेग कमी झाला होता.

“इथं रेंज नाय,” तो म्हणाला.

“मग रेंज येईल तिथं लावा,” ललिता म्हणाली. “ताई, वर टेकाडावर गाडी थांबवा जरा.”